टोपली घेतली म्हणजे होकार

कालव्यावरचा दुसरा लाकडी पूल ओलांडला आणि सेनाइदा एकदम हसायला लागली. हसताहसताच म्हणाली, "दोन्या इंदू, मी विचारलंच नाही." दोन्या म्हणजे त्यांच्या भाषेत मोठ्या बाईला मानानं लावतात ते.

"मी तिथंच बसले होते की गं," मी म्हटलं. "दोनदा चहा झाला, हवापाणी झालं, मांजराचं आजारपण झालं. तुझं तेवढं राहिलं."

"मांजर बरं आहे आता. ते तरी कळलं."

मग हसणं थांबलं. पुढे दोन मैलांवर आमचं कॉलेज, मागे दोन मैलांवर प्रोफेसर व्हिटकॉम बाईंचं घर. रविवारी तिकडे बस नसते म्हणून आम्ही कालव्याकाठानं चालत गेलो होतो. तिच्या हातात रिकामी टोपली होती, आणि मला त्या टोपलीकडे बघवत नव्हतं.

काम साधं नव्हतं. तिचे आईवडील पसेइक शहरात राहतात. त्या वसंतात त्यांच्या गल्लीतल्या एका नवराबायकोला, या देशात राहायचे कागद नाहीत म्हणून, सरकारी माणसांनी कामावर जातानाच धरून नेलं होतं, आणि त्यांची दोन मुलं संध्याकाळपर्यंत शाळेत बसून राहिली. तेव्हापासून त्यांच्या चर्चमध्ये एक वकीलबाई दर बुधवारी येऊन एक कागद करून देत. आम्हाला नेलं तर आमच्या लेकराला शाळेतून कोणी घ्यावं, कोणी सांभाळावं, असा कागद. सेनाइदाची धाकटी बहीण किंबर्ली आठ वर्षांची. ती इथंच जन्मली, म्हणून घरात कागदपत्रं असलेली ती एकटीच. कागदावर नाव हवं होतं ते कुठल्याही कचेरीत ताठ मानेनं जाऊ शकेल अशा माणसाचं. त्यांच्या नात्यात तसं कोणी नाही. सेनाइदासुद्धा नाही. ती तीन वर्षांची असताना आईच्या पाठीला बांधलेली आली होती.

आईनं सुचवलं, "तुझ्या त्या मोठ्या बाईंना विचार. चार वर्षं तुझं एवढं कौतुक करतात." आणि विचारायचं ते रीतीनं. तिकडे मायदेशी, प्वेब्लाकडच्या त्यांच्या गावात पोराला मानलेली आई करायची तर नुसतं तोंडानं विचारत नाहीत. घरी भाजलेला गोड पाव, चॉकलेटच्या वड्या, फळं टोपलीत घालायची, वर भरतकामाचा रुमाल, आणि वडीलधाऱ्या माणसाला घेऊन त्या घरी जायचं. विषय वडीलधाऱ्यानं काढायचा. समोरच्यानं टोपली आत नेली की होकार. नको असेल तर ती दारातूनच परत करतात. आईला रविवारीही धुलाईच्या दुकानातलं काम सुटत नाही, म्हणून वडीलधारी मी.

जाताना सेनाइदानं मला बजावलं होतं, "तुम्ही नुसत्या बसा. मी बोलेन. या लोकांना सरळ सांगितलेलं आवडतं."

मी ऐकलं. तिथंच चुकलं.

बाईंनी दार उघडलं, टोपली पाहिली आणि "अगं, एवढं कशाला!" म्हणत ती आत घेऊन गेल्या. पाव ताटलीत मांडला, लोणी आणलं, आम्हालाही वाढला. सेनाइदानं आईच्या हातचा पाव लोणी लावून मुकाट खाल्ला. बाई चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू. इंग्लंडला पुढचं वर्षभर शिकायला पाठवण्यासाठी आपण हिचं नाव दिलंय, असं त्यांनी आनंदानं सांगितलं. सेनाइदा "थँक यू" म्हणाली आणि खाली बघत राहिली. या देशाबाहेर एक पाऊल टाकलं तर परत येता येणार नाही, हे बाईंना ठाऊकच नव्हतं. कॉलेजात कोणालाच नव्हतं. निघताना बाईंनी धुऊन पुसून टोपली परत दिली.

मला ठाऊक होतं ते असं. मी कॉलेजच्या जेवणघरात सॅलडच्या टेबलावर असते, आता सव्वीस वर्षं झाली. सेनाइदा पहिल्या वर्षाला होती तेव्हा एका दुपारी गणवेशातली चार माणसं जेवणघरात शिरली. ही हातातली ताटली तशीच टाकून टेबलाच्या मागून आमच्या स्वयंपाकघरात आली, आणि थंड खोलीत कोबीच्या खोक्यांमागे जाऊन उभी राहिली. ती माणसं आग विझवायची नळकांडी तपासायला आली होती. मी तिला बाहेर काढलं तेव्हा ओठ निळे झाले होते. मी आल्याचा चहा दिला, काही विचारलं नाही. आठवड्यानं तिनं आपणहून सांगितलं. त्या दिवसापासून संध्याकाळी देवापुढे दिवा लावते तेव्हा तिचंही नाव घेते. तिला कधी बोलले नाही.

बरोबरीच्या मुलींना ती श्रीमंताघरची वाटायची. सगळ्याजणी वाचनालयात, दुकानात तास लावून काम करायच्या. हिला कागदांशिवाय ते करता येत नसे, म्हणून ही म्हणायची, "मला कंटाळा येतो कामाचा." आख्खा वर्ग पेरूला अभ्यासाला गेला तेव्हा ही म्हणाली, "मला विमान लागतं." एकदा मी म्हटलं, "किती गं थापा मारतेस!" तर म्हणाली, "दोन्या इंदू, शिष्यवृत्ती त्याचीच मिळालीय मला."

पुलापुढे थोडं चाललो, तर तिचा फोन वाजला. आई होती. माझ्याही कानावर पडावं म्हणून तिनं आवाज मोठा केला. त्यांची भाषा मला इतक्या वर्षांत बरीच कळते.

"घेतली का गं टोपली?"

"घेतली, आई."

"आत नेली? की दारातच ठेवली?"

"आत नेली."

"पाव खाल्ला?"

"खाल्ला. आवडला त्यांना."

पलीकडे यंत्रांची घरघर आणि मग आईचं रडणं. "देवानं ऐकलं गं! आता त्या माझ्या सख्ख्या बहिणीसारख्या. बुधवारी मी निळा झगा घालीन. किंबर्लीचे केस मी स्वतः विंचरीन. त्यांना सांग, आयुष्यभर..." तेवढ्यात कोणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सेनाइदा काठावरच्या दगडावर बसली. मीही बसले, गुडघे बोलायला लागले होते.

"आईला खरं सांग," मी म्हटलं.

"काय सांगू? तिनं पहाटे उठून भाजलेला पाव मी लोणी लावून खाऊन आले?"

"मग चल मागे. मी काढते विषय. रीतीनं तो मीच काढायचा होता."

"नको."

"का? बाई नाही म्हणणार नाहीत."

"नाहीच म्हणणार. डोळ्यांत पाणी आणून हो म्हणतील. मग वर्गात माझा निबंध वाचताना त्यांना तो निबंध दिसणार नाही, मी दिसेन." ती दगडावरचं शेवाळ नखानं खरवडत होती. "आणि वर्षातले पाच महिने त्या इटलीत असतात. शाळेनं साडेअकराला फोन केला तर कोण उचलेल? किंबर्ली ऑफिसातल्या बाकावर बसून राहील. तिला वाटेल, माझंच काहीतरी चुकलं."

मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते. ती कुठं येऊन पोचली आहे हे मला कळायला लागलं होतं. आमच्या घरात आम्ही दोघं, दोघंही साठीचे. ह्यांना डायबेटिस. आठ वर्षांच्या पोरीचं वेणीफणी करायचं वय आमचं राहिलेलं नाही. पण आमच्याकडे या देशाचे पासपोर्ट आहेत, हे तर खरं.

"आई म्हणेल, माझी मुलगी रीत विसरली," सेनाइदा म्हणाली. "चालत्या वाटेवर कोणी विचारतं का असं!"

ती उठून माझ्यासमोर उभी राहिली. चार वर्षांत कधी मान वर करून तिनं काही मागितलं नव्हतं, जास्तीचा टोमॅटोसुद्धा नाही.

"दोन्या इंदू, कागदावर तुमचं नाव द्याल? किंबर्ली शहाणी आहे, तिखट खात नाही, कुत्र्यांना भिते, बाकी काही त्रास नाही. आत्ता उत्तर देऊ नका. घरी काकांना विचारा. पण नाही म्हणायचं असलं, तर बुधवारच्या आधी मला म्हणा, आईला नको."