धाकट्या जावेची मालिका

मालिकांमधल्या जावा एकमेकींवर जळतात तेव्हा मागं ढोल वाजतात आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा चेहऱ्यावर जातो. आमच्या घरी तसलं काही झालं नाही. मी ज्वारी निवडत बसले होते. धाकटी जाऊ शाळेतून आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "ताई, त्या लोकांचा फोन आला होता. माझी मालिका घेतली म्हणं."

मी म्हणाले, "अगं वा!" आणि खडा समजून एक चांगला टपोरा दाणा उचलून बाहेर फेकला.

आमच्या घरात लिहिणारी मी. हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कधी बोलणंही झालं नव्हतं. कळंबच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवते. गॅदरिंगच्या एकांकिका मी लिहायच्या, जिल्ह्याला बक्षिसं आणायची, सासूबाईंनी ती समोरच्या कपाटात मांडायची. धाकटी गणिताची. तिचं माहेर मुरूमचं, बोलण्याला थोडा कानडी हेल. घरात कुणाचं लग्न ठरलं की पत्रिकेचा मजकूर माझ्याकडं यायचा आणि किती पोळ्या लागतील याचा हिशोब तिच्याकडं जायचा.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला पटकथा लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळेला गेले. शिकवणारे गृहस्थ फार नेमकं बोलायचे. पात्राला काय हवंय ते सुरुवातीच्या पानांतच कळलं पाहिजे. त्याच्या वाटेत कुणीतरी आडवं आलं पाहिजे. प्रत्येक प्रसंगानंतर काहीतरी बदललं पाहिजे, बदललं नाही तर तो प्रसंग कापायचा. मला ते सगळं पटलं. आयुष्यभर जे चाचपडत केलं त्याला कुणीतरी पहिल्यांदा नाव दिलं, असं वाटलं.

त्याच सुमाराला एका मराठी ॲपवाल्यांनी कॉलेजातल्या पोरींवर मालिका पाहिजे म्हणून कळवलं. मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. माझी गोष्टही सांगितली. वाशी तालुक्यातल्या खेड्यातली पोरगी, तिला पळायच्या शर्यतीत उतरायचंय, चुलता आडवा येतो, शेवटी ती राज्याला पहिली येते. आमचे हे म्हणाले, "भारी आहे." सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. धाकटी भाकरी मोडत म्हणाली, "ताई, मी पण पाठवू का काहीतरी?"

"पाठव की," मी म्हणाले. मला खरंच काही वाटलं नाही. गणिताची बाई काय पाठवणार?

माझ्या गोष्टीला उत्तर आलं ते गोड होतं. मांडणी पक्की आहे, पण आधी कुठंतरी पाहिल्यासारखी वाटते. धाकटीला फोन आला.

तिनं काय लिहिलंय ते मी मागून घेऊन वाचलं. रविवारची दुपार होती. ती समोर बसून पेपर तपासत होती आणि मी तिच्या मोबाईलवर वाचत होते. चार मुली. अकरावीच्या. आसपासच्या गावांतून एसटीनं कळंबला येणाऱ्या. एका भागात कॉलेज सुटतं आणि संध्याकाळची बस येत नाही. त्या स्टँडवर बसतात. एक जण दुसरीच्या केसांना लावलेली क्लिप मागते, ती देत नाही. मग दोघी बोलत नाहीत. तिसरी उगीच हसते. चौथीला भूक लागलेली असते, पण ती सांगत नाही. मग बस येते.

मी पुढचं पान आलं नाही म्हणून बोटानं वर सरकवत राहिले.

"संपलं?"

"व्हय."

"अगं पण झालं काय यात?"

तिनं लाल पेन खाली ठेवून विचार केला. "बस आली," ती म्हणाली.

मी तिला समजावलं. तासभर समजावलं असेल. ती क्लिप कुणाची आहे, ती न देण्यामागं काहीतरी कारण पाहिजे. भुकेल्या पोरीला चक्कर येऊ दे. बस न येण्याचा परिणाम दाखव, बाप घरी चिडू दे, कॉलेज बंद होईल की काय अशी भीती घाल. तिनं मान हलवत सगळं ऐकलं, एक दोनदा "खरंय ताई" म्हणाली, आणि त्यातलं काहीही केलं नाही. दिग्दर्शक म्हणून आलेल्या पोरसवदा माणसानं तो भाग जसाच्या तसा घेतला.

आता गंमत बघा. नियम म्हणजे गणित. ते मोडले गणितवालीनं आणि पाळले मराठीवालीनं. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही.

चित्रीकरण कळंबलाच झालं. स्टँडवर, मोंढ्याच्या रस्त्यावर, एक दिवस आमच्या अंगणात. सोयाबीन निघालेलं, मोंढ्यात माल विकायला आलेल्या ट्रॅक्टरांची रांग, त्यात यांच्या गाड्या. अंगणात काम होतं त्या दिवशी मी कॉलेजातून रजा घेतली, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. दिग्दर्शक दर थोड्या वेळानं "मॅडम, हे असंच म्हणेल का ती?" असं विचारायचा. दोन मॅडम उभ्या होत्या. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यानं तिच्याकडं बघितलं. मग मी आत जाऊन सगळ्यांचा चहा टाकला. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई लिवत्यात म्हणं. तुमी बी लिवत व्हता न्हवं का पैले?"

'व्हता' हा शब्द मी पुढं कितीतरी दिवस चघळला.

मालिका आली. आम्ही सगळे समोरच्या खोलीत टीव्हीला मोबाईल जोडून बसलो. पहिले दोन भाग मी आरामात पाहिले, कारण मला ते आवडले नाहीत. कुठं काही घडतच नव्हतं, आणि माझं बरोबर निघतंय याचा एक उबदारपणा अंगात पसरत होता. मग तो तेरखेड्याचा भाग लागला.

त्या चौघींतल्या एकीची आई तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर जाते. मला हे कळल्याबरोबर माझ्यातली कार्यशाळा जागी झाली. दारू आहे म्हणजे स्फोट होणार. कधी होणार एवढंच बघायचं. आई कॉलेजात पालकांच्या बैठकीला येते. बाकावर हात ठेवून बसते. तिच्या नखांमध्ये चंदेरी भुकटी बसलेली असते, ती धुऊन जात नाही. उन्हात नखं चमकतात. लेकीच्या मैत्रिणी बघतात आणि एक जण म्हणते, "मावशी, कसली भारी नेलपॉलिश हो! कुठून आणली?"

लेक पटकन म्हणते, "पुण्याहून."

आई लेकीकडं बघते. हात पदराखाली घेते. मग, बहुतेक पोरगी खोटी पडू नये म्हणून, पुन्हा बाहेर काढते आणि तसेच बाकावर ठेवते. भाग संपला. काहीही फुटलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आत्ता गं बया." एवढंच. कपाटातल्या माझ्या एकाही बक्षिसाला त्या असं म्हणाल्या नव्हत्या.

मला तो भाग मीच लिहायला पाहिजे होता असं वाटलं. हायवेनं जाता-येता तेरखेड्यावरून किती वेळा गेले असेन. दरवर्षी दिवाळीआधी तिथं गाडी थांबवून भुईनळे घेतलेत. पुड्या बांधून देणाऱ्या बायांचे हात माझ्यासमोर होते. मी फक्त भाव विचारला होता.

त्यानंतर मी धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. "हे कुठून सुचलं तुला?"

ती अगदी साधेपणानं म्हणाली, "आपल्या दीदीनं सांगितलं की. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचं आहे. त्या पोरीला विचारून मगच लिहिलं हां ताई."

आपली दीदी म्हणजे माझी मुलगी. अकरावीला. माझ्या पोटची पोरगी, माझ्या शेजारी झोपणारी, आणि ही गोष्ट तिनं काकूला सांगितली.

मी तिला विचारलंच. "मला का नाही सांगितलीस?"

ती दप्तर भरत होती. म्हणाली, "तुला काही सांगितलं की तू विचारतेस, मग पुढं काय झालं? पुढं काही झालेलं नसतं आई. मग मला वाटतं, मी काहीतरी फालतू सांगितलं. काकू न्हाय विचारत."

"काकू काय करते मग?"

"ऐकते. आणि भेंडी चिरते."

मी तिच्यावर रागावले नाही. रागावण्यासारखं ती काही बोललीही नव्हती. पण त्या आठवड्यात धाकटीनं केलेल्या भेंडीच्या भाजीला मी हात लावला नाही, आणि तसं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांत यावरून वाद झाला. इंग्रजीचे सर म्हणायचे, हेच खरं, या वयात कुठं कुणाला काय हवंय ते माहीत असतं, मग पात्राला काय हवंय हा नियम लावायचा कसा? मी हिरिरीनं विरुद्ध बोलायची. म्हणायची, खऱ्या आयुष्यात बस येत नाही म्हणून मालिकेतही तेच दाखवायचं का? पोरींनी दिवसभर स्टँडवर बसायचं आणि घरी येऊन पुन्हा स्टँड बघायचा? त्यांना कधीतरी कुणीतरी जिंकलेलं बघू द्या की. मी हे मत्सरानं बोलत होते, पण ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

पुढं ॲपवाल्यांना दुसरा सीझन हवा झाला. पहिला लोकांना आवडला होता, पण पाहणारे अर्ध्यातून सोडून जात होते म्हणं. त्यांनी तिला सांगितलं, वेग वाढवा, एक खलनायक घाला, पोरीला काहीतरी मिळवायला लावा. ती म्हणाली, "मला न्हाय येत तसलं." त्यांनी विचारलं, कुणाला येतं?

तिनं माझं नाव सांगितलं.

"ताई, तुम्ही लिहा," ती मला म्हणाली. "माझ्याजवळ एवढंच होतं. संपलं."

ज्या गोष्टीसाठी मी पुण्याला जाऊन शिकून आले, ती मला धाकट्या जावेनं ताटातलं उरलेलं पुढं सरकवावं तशी मिळाली. नको म्हणायचं मी तोंडात तयार केलं होतं. पण बाहेर आलं ते, "बघते. कधीपर्यंत द्यायचंय?"

मी जीव ओतून लिहिलं. तेरखेड्याच्या पोरीला मी इंजिनिअर व्हायचंय असं केलं. मामा आडवा घातला, त्याला तिचं लग्न उरकायचंय. प्रवेशाच्या दिवशी बापाची सही पाहिजे आणि बाप बेपत्ता. प्रत्येक भागाच्या शेवटी दार वाजायचं किंवा फोन यायचा. पहिल्या सीझनपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी तो पाहिला. माझ्या वर्गातली एक एरवी गप्प असणारी मुलगी तास संपल्यावर माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, तिच्या बापानं शेवटी सही केली तेव्हा म्या लई रडले. मम्मीला पण दाखवलं." मुलगी आणखी काहीतरी सांगणार होती. मी 'मग पुढं?' असं विचारायच्या आत जीभ आवरली. पण बेल झाली आणि ती गेली.

शेजारच्या काकू आता मला विचारतात, "पुढच्या खेपेला मामाचं काय करलालाव?" आमच्या मुलीला दोन्ही सीझन आवडले. माझा सीझन ती मैत्रिणींसोबत बघते, आरडाओरडा करत. धाकटीचा तिनं एकटीनं बघितला होता.

शेवटचा भाग आम्ही पुन्हा सगळ्यांनी मिळून पाहिला. मी टीव्हीकडं बघतच नव्हते. मी धाकटीकडं बघत होते. तिची तेरखेड्याची पोरगी, तिच्या चौघीजणी, मी त्यांना पळवलं होतं, रडवलं होतं, जिंकवलं होतं, आणि लोकांनी उचलून धरलं होतं. तिला कुठंतरी लागलं असेल, हे मला बघायचं होतं. ओठ थोडे आवळले जातील, नजर खाली जाईल, काहीतरी.

बापानं सही केली. धाकटीनं लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई," ती म्हणाली, "मला जन्मात जमलं नसतं हे. कसं जुळवलंत हो तुम्ही!"

मी तिचा चेहरा नीट बघितला. पुन्हा बघितला. काही नव्हतं. ती खरंच खूश झाली होती.

ते मला फार लागलं. माझ्यावर कुणी जळावं एवढं तरी मी मिळवलं होतं, असं मी धरून चालले होते.

आता तिसरा सीझन मी लिहितेय. ॲपवाले वेळेवर फोन करतात, मला मॅडम म्हणतात, आणि मामाला या वेळी पश्चात्ताप व्हावा असं त्यांचं म्हणणं आहे. धाकटी शाळेत जाते, पेपर तपासते, संध्याकाळी भाजी चिरते, समोर माझी मुलगी पाय हलवत बसलेली असते. मी आत लिहिता लिहिता कान देते. कधी हसू ऐकू येतं, कधी बराच वेळ नुसता विळीचा आवाज. मध्ये एकदा मी धाकटीला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, काही नवीन लिहिलंस का?"

"कुठलं हो ताई. आता काही सुचतच न्हाय."

माझा यावर विश्वास नाही. परवा ती ओट्यापाशी उभी राहून मोबाईलवर काहीतरी टाईप करत होती. मला बघून तिनं तो खाली ठेवला आणि कढीत मीठ टाकलं. शाळेच्या ग्रुपवरचा निरोप असेल. बहुतेक तोच असेल.