बापटकाका अपग्रेड करत नाहीत

रिटायर झालो तेव्हा वाटलं, सुटलो बुवा. पण अमेरिकेतल्या एडिसन गावच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये बातमी फुटली, की हा कॉम्प्युटरवाला आहे! तेव्हापासून लोक चहाला बोलावतात आणि कपाच्या आधी माउस हातात देतात. चहा कुठे काय प्यायलो ते आठवत नाही, किस्से मात्र साठत जातात.

*

काळेकाकूंच्या स्क्रीनवर रोज अपडेटची पाटी यायची. "हे सारखं काय मागतंय रे?"

मी समजावलं, "काकू, सिक्युरिटी अपडेट म्हणजे दाराची कडी नीट करणं. साधं अपडेट म्हणजे डागडुजी. आणि नवं व्हर्जन म्हणजे अख्खं किचन रिमॉडेल!"

"मग कडी तेवढी कर. मागच्या रिमॉडेलनंतर माझा झारा अजून सापडलेला नाही!"

*

काळेकाका उलटे. दिसेल ते अपग्रेड करायचे. सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी त्यांचा प्रिंटर बंद पडला.

"काका, काय काय अपग्रेड केलंत?"

"सगळं."

"पण का?"

"अरे, फ्री होतं ना!"

त्यांची इथे जन्मलेली लेक नेहा वैतागली. "बाबा, रीड बिफोर यू क्लिक!"

"तू वाचतेस?"

"...नो."

*

आणि बापटकाका. हार्ट सर्जन होते. गेली कित्येक वर्षं एकही अपग्रेड नाही! विचारलं की म्हणायचे, "चालत्या हृदयाला हात लावायचा नसतो." आम्ही सगळे त्यांना हट्टी म्हणायचो, मी जरा जास्तच.

शेवटी त्या जुन्या व्हर्जनला सिक्युरिटी अपडेट येणंच थांबलं. रेडमंडला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने सांगून टाकलं, "बाबा, अपग्रेड करा, नाहीतर मी तुमचं इंटरनेट कॅन्सल करतो."

काकांनी मला बोलावलं. मी बसलो, तर हळूच म्हणाले, "पत्ते जातील का रे?"

कॉम्प्युटरवर पत्त्यांचा एक जुना गेम होता. सुशीलाकाकू रोज दुपारी तो खेळायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. काकांनी टॉप टेनची यादी उघडून दाखवली. दहाच्या दहा ओळींत नाव एकच, सुशीला.

मला माझीच लाज वाटली. तो गेम दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी केला आणि मगच अपग्रेडला हात घातला. नव्व्याण्णव टक्क्यांवर गाडी अडली ती अडलीच. काका खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

"पेशंटच्या नातेवाइकांना आम्ही बाहेर का बसवायचो, ते आज कळलं!"

शेवटी मशीन सुरू झालं. गेम उघडला. दहाही सुशीला जागच्या जागी होत्या. काकांनी स्वतः उठून चहा केला.

*

पुढच्याच आठवड्यात काकांचा फोन. "लगेच ये! आयुष्यात पहिल्यांदा मी टॉप टेनमध्ये आलोय!"

गेलो. यादी बघितली. वरपासून खालपर्यंत सुशीला, सुशीला, सुशीला.

"काका, यात तुम्ही कुठे आहात?"

काकांनी चष्मा सावरला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं.

"ही सातवी सुशीला आहे ना, ती मी!"