दोन्ही चुली

आयुष्यातल्या एका चौथ्या नंबरासाठी मी एका बाईचा ऋणी आहे. तिचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही.

हिंगण्याला आमच्या कारखान्याजवळ ती उलट्या मडक्यावर लांब रोट्या भाजायची. बोटांनी मडक्यावर पाणी शिंपडायची आणि चर्र वाजलं की मगच रोटी टाकायची.

एका वर्षी जवळच्या माळावर मोटारसायकलींची शर्यत होती. माझी गाडी दोन सिलिंडरची, विकत घेतली तशीच, फक्त आरसे काढलेले. बाकीच्यांच्या गाड्या दुप्पट ताकदीच्या. शर्यतीच्या दिवशी सकाळच्या सरावात माझी गाडी ओढेचना. त्यांच्या धडधडाटात मला तिचा आवाजही कळेना. आपलं इंजिनच लहान, असं म्हणून मी घरी निघालो आणि वाटेत रोटी खायला थांबलो.

"काहून परत चालला गा?" बाईनं विचारलं.

मी गाडीलाच शिव्या घातल्या. ती उठली आणि ओला हात दोन्ही सिलिंडरांच्या सायलेन्सरांवर झटकला. डावीकडे चर्र वाजलं. उजवीकडे थेंब नुसतेच ओघळले.

"तुह्या गाडीची एक चूल विझली हाये. तिले काहून बोलून राहिला?"

उघडून पाहिलं, तर उजव्या सिलिंडरचा ठिणगी देणारा प्लग काजळीनं भरला होता. तो साफ करून बसवला, माळावर परतलो आणि शर्यतीत उतरलो. तिघं माझ्यापुढे गेले, ते खरोखरच त्यांच्या गाड्यांच्या ताकदीवर.

संध्याकाळी तिला सांगितलं, "चौथा आलो, बाई."

तिनं मडक्यावरून नजर काढली नाही.

"दोन्ही चुली पेटल्या होत्या नं? मंग झालं."