वेशीतली हलगी

आधी माफी मागतो. मला लिहिता येतं, असं मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या घरात सहीच्या पुढे लिहिणारा मी पहिलाच, आणि मी लिहितो तेही परीक्षेच्या पेपरात. भक्तीवर लिहायची तर माझी लायकीच नाही. का नाही, ते पुढे येईल. ज्याचा विश्वास माझ्यापेक्षा मोठा आहे त्यानं हे लिहायला हवं होतं. पण तो माणूस खाटेवर पडून आहे आणि त्याला लिहिता येत नाही. म्हणून मी.

पोळा होता. मी दहावीत होतो.

आमचं गाव आष्टीच्या पुढे, आडबाजूला. वेशीत बैल उभे होते. रंगवलेली शिंगं, पाठीवर झुली. वर तोरण. अंबाडीचा दोर आणि त्यात ओवलेली आंब्याची पानं. ते तोरण आमच्या घरचं. मातंगाच्या घरानं दोर वळायचा, तोरण बांधायचं आणि शेवटचा बैल त्याखालून जाईपर्यंत हलगी वाजवायची, ही गावाची रीत. आधी आजा करायचा. मग माझे वडील, अण्णा. हलगीही आज्याचीच.

त्या वर्षी अण्णांनी दोर वळला. तोरण बांधलं. हलगी मात्र घरी ठेवून आले.

आदल्या वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. त्याच्या दोन वर्षं आधी ते परतूरच्या बाजारात दोर विकून, दारू पिऊन, स्टेशनाबाहेर पडले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी त्यांना उचलून घरी नेलं. स्वतःच्या खाटेवर झोपवलं. स्वतःच्या तांब्यानं पाणी पाजलं. गुरुजी ख्रिस्ती होते. अण्णा दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. दारू सुटली. एवढंच झालं. चमत्कार म्हणून सांगण्यासारखं आमच्याकडे दुसरं काही नाही.

मानाचा बैल नानांचा. गावातले मोठे शेतकरी. ते म्हणाले, "हलगी कुठाय रं?"

"घरी हाय, नाना. दोर वळला, तोरण बांधलं. हाताचं काम हाय, दरसाल करीन. पण मारुतीम्होरं हलगी आता वाजवत न्हाई."

"का? येशूनं हात धरला का तुझा?"

लोक हसले.

नानांनी माणूस पाठवून आमच्या घरून हलगी आणवली. अण्णांच्या गळ्यात अडकवली. "वाजव." अण्णांनी हात खाली सोडले होते. ते तसेच उभे राहिले. नानांनी काठीच्या टोकानं हलगीवर ठोकलं. ढब्ब. पावसाळी हवेत कातडं सैल पडतं. शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही.

"ही बी तुझ्यावानीच मुकी झाली की!"

पुन्हा हसले. मग नानांची नजर माझ्यावर आली.

"अय दहावी, इकडं ये."

मी गेलो.

"तू कोणाचा रं? बापाच्या देवाचा का गावाचा?"

मी अण्णांकडे पाहिलं नाही. "गावाचा," म्हणालो.

कुणीतरी कडबा पेटवला. हलगी शेकली. अण्णांच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. मी वाजवली. मला लहानपणापासून येत होती. उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात बारीक काडी. चांगली वाजवली मी. हेच सांगायला मला पाच वर्षं लागली. भीत भीत वाजवली असती, चुकत वाजवली असती, तर काही म्हणता आलं असतं. मी ठेका धरून, मान डोलवून वाजवली. शेवटचा बैल जाईपर्यंत नानांनी अण्णांना तिथंच उभं केलं होतं.

घरी आलो. मायनं भाकरी वाढली. अण्णा म्हणाले, "हात चांगला हाय तुझा."

तेवढंच. आजपर्यंत त्यावर दुसरा शब्द नाही.

सकाळी त्यांनी हलगी उचलली, नानांच्या गोठ्यात नेली आणि खुंटीला अडकवून आले. "गावाची रीत म्हणता ना, मंग हलगी बी गावाचीच. ठिवा."

त्यानंतर आम्हाला कुणी मारलं नाही. कुणी शिवीही दिली नाही. फक्त काम दिलं नाही. कापूस वेचायला मायला बोलावणं बंद झालं. गिरणीवाला आमचा डबा शेवटी ठेवायचा आणि मग म्हणायचा, लाइट गेली. माघ लागायच्या आत आम्ही शहागडला आलो.

शहागडला हायवे आहे. ट्रक थांबतात. अण्णा दोराचे माणूस, त्यांना तिथं काम मिळालं. ट्रकवर चढून माल ताडपत्रीनं झाकायचा, दोर आवळायचे, गाठी मारायच्या. माय ढाब्यावर भाकरी करायला लागली. ढाब्यामागं पत्र्याची खोली. तिच्यातच राहणं आणि तिच्यातच रविवारी प्रार्थना. आम्ही आणि अजून दोन घरं. गुरुजी एसटीनं यायचे.

मी बारावीत होतो तेव्हा अण्णा मोसंबीच्या भरल्या ट्रकवरून पडले. दुसऱ्यानं मारलेली गाठ सुटली. कंबर गेली. सरकारी दवाखान्यात दीड महिना. कंबरेखाली जाणीव उरली नाही.

चुलते भेटायला आले. दारातूनच म्हणाले, "देवीचा कोप हाय ह्यो. हलगी टाकलीस ना? जाऊन एक कोंबडं सोड, अजून बी जमंल."

अण्णा उताणे पडलेले. वर पत्र्याकडे बघत म्हणाले, "ज्यानं मला स्टेशनावरून उचललं, त्यानंच पाडलं असंल तर त्यालाच विचारीन की. दुसऱ्याला काऊन विचारू?"

"विचारलं का मंग?"

"विचारून राह्यलो. अजून बोलला न्हाई."

मला तेव्हा रडू आलं नाही. राग आला नाही. आत काहीतरी बधीर झालं होतं, सुई टोचून दात काढतात तसं. जीभ फिरवली की कळतं, दात नाही. दुखत मात्र नाही.

जालन्याला कॉलेजला आलो. हॉस्टेलच्या फॉर्मवर जात आणि धर्म लिहायचा होता. जातीच्या दाखल्यावर हिंदू मातंग. ख्रिस्ती लिहिलं की दाखला गेला, दाखला गेला की खोली गेली. मायला फोन केला. ती म्हणाली, "ल्ही बाबा दाखल्यावर हाय तेच. कागदाला काय कळतंय?" अण्णा शेजारीच होते. काही बोलले नाहीत. मी हिंदू लिहिलं. खोलीतल्या पोरानं विचारलं, "रविवारी कुठं जातो बे तू?" मी म्हणालो, "मामाकडं." मला मामा नाही.

हे खोटं बोलताना मला काही वाटलं नाही. घरी जाऊन अण्णांच्या खाटेशी प्रार्थनेला बसायचो, तेव्हाही नाही. ते डोळे मिटून येशूशी बोलायचे, जवळच्या माणसाशी बोलावं तसं. ढाब्याच्या मालकाचं पोट दुखतंय, ते सांगायचे. नानांच्या बैलांची नावं घेऊन त्यांचीही खुशाली मागायचे. मी डोळे मिटायचो. आत नुसता अंधार.

एकदा म्हणालो, "अण्णा, मला काहीच वाटत न्हाई. नुसता बसतो मी. हे खोटंच झालं की."

त्यांनी स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. जोरात. कातडी पांढरी पडली, मग लाल.

"हे बी लागत न्हाई मला. मंग मांडी माझी न्हाई का?"

"रोज तेल लावून चोळतो मी. माझी हाय म्हणून. तू बी बसत जा."

त्यानंतर मी हॉस्टेलच्या गच्चीवर रोज सकाळी बसायला लागलो. टाकीमागं, कुणाला दिसू नये म्हणून. एक दिवसही काही वाटलं नाही. बसलो मात्र. पावसातसुद्धा. आधी पाच मिनिटं, मग अर्धा तास. प्रार्थना सुचायची नाही, मग मी अण्णांचीच म्हणायचो, बैलांच्या नावासकट.

यंदा पोळ्याच्या आधी नानांचा फोन आला.

"काय बीए? जुनं झालं गेलं. ह्या पोळ्याला तू ये. तोरण बांध, हलगी वाजव. गावाची रीत मोडू न्हाई. आन ऐक, घरकुलाची यादी होऊन राह्यली. तुझ्या बापाचं रेशनकार्ड अजून गावातलंच हाय, नाव मी सोता सांगतो. अपंग माणूस हाय, पहिला नंबर लागंल."

खरं सांगतो, मी वाजवायलाच गेलो होतो. पत्र्याच्या खोलीत पाऊस आला की खाटेखालून पाणी वाहतं. अण्णांच्या पाठीला जखमा झाल्यात. पक्की फरशी, पक्कं छत. मी एसटीत बसून ठरवलं होतं, वाजवीन आणि कुणाला सांगणार नाही.

दोर वळायला मी शिकलो नाही. आष्टीच्या बाजारातून नायलॉनचा घेतला. नाना म्हणाले, "काय बी चालतंय." गोठ्यातून हलगी आणली. शेणाचा वास येत होता. कड्याला गंज. कातडं मात्र शाबूत. मी कडबा पेटवून शेकली. बोटानं टिचकी मारली. बोलली. गळ्यात घातली.

पोरं मोबाइल काढून उभी.

"थांब," नाना म्हणाले. "आधी सगळ्याला सांग. कोणाचा तू?"

लोक आधीच हसायला लागले होते. पाच वर्षं ही चेष्टा गावात चालू होती, हे मला त्या क्षणी कळलं.

टिपरू हातात होतं. छाती धडधडली नाही. उजेड दिसला नाही, आवाज आला नाही. फक्त ती मांडी आठवली. पांढरी, मग लाल.

"अण्णांचा," मी म्हणालो. "आन अण्णा ज्याचे, त्याचाच मी बी."

हलगी गळ्यातून काढली. खाली ठेवली.

नाना जवळ आले. हळूच म्हणाले, "घर पायजे ना तुला?"

"पायजे, नाना."

"मंग?"

"वाजवत न्हाई."

मागून कुणीतरी ढकललं. मी पडलो नाही. "जाऊ द्या, शिकल्यानं डोकं फिरलं त्याचं," एक जण म्हणाला. मग एका पोरानं ट्रॅक्टरवरचा स्पीकर लावला. गाणं सुरू झालं आणि बैल निघाले. आज्यानं आणि बापानं ज्या कामासाठी मान खाली घातली, ते काम एका बटणावर झालं. माझी गरज नव्हतीच. त्यांना फक्त माझ्या तोंडून 'गावाचा' ऐकायचं होतं.

आष्टीपर्यंत चालत आलो. वाटेत कुणी भेटलं नाही.

घरी सांगितलं नाही. विश्वासासाठी उभा राहिलो, हे मला म्हणवत नव्हतं. खाटेवरच्या माणसाचं छत मी घालवलं, एवढंच दिसत होतं. दिवाळीला गेलो तेव्हाही बोललो नाही. अण्णांच्या पायांना तेल लावलं आणि परत आलो.

काल मायचा फोन आला.

"सुदाम आल्ता गाडी घेऊन. मोसंबीची." सुदाम आमच्याच गावचा ड्रायव्हर. "त्यानं सांगितलं समदं. यादी लागली म्हणं. आपलं नाव न्हाई."

"अण्णांना कळलं?"

"त्यांच्याम्होरंच बोलला की त्यो."

"काय म्हणले?"

"काय न्हाई. सुदामला च्या पाज म्हणले. त्यो गेल्यावर म्हणले, फोन लाव."

फोन अण्णांच्या कानाला लावल्याचं कळलं. पत्र्यावर कावळा चालत होता, ते ऐकू येत होतं.

"हलगी खाली ठिवलीस म्हणं."

"हो."

"तोंड वर का खाली?"

मला आठवावं लागलं. वेशीत चिखल होता. मी वाकलो होतो. दोन्ही हातांनी.

"वर. कातडं वर ठेवलं, अण्णा."

"मंग बराबर. चिखलात कातडं कुजतंय." थोडं थांबून म्हणाले, "ती तुझ्या आज्याची हाय. गावाची न्हाई. म्या द्यायला नगं होती. रविवारी त्याच्याम्होरं वाजवली असती, तर त्यो काय न्हाई म्हणला असता?"

त्यो म्हणजे येशू. मी इतक्या वर्षांत अण्णांच्या आवाजात पहिल्यांदाच पस्तावा ऐकला.

"मी जाऊन आणतो," म्हणालो. "मागणार न्हाई. आपली म्हणून आणतो."

मग माझ्याकडे जी बातमी सकाळपासून होती, ती मी सांगितली.

"अण्णा, आज हॉस्टेलच्या ऑफिसात अर्ज दिला. धर्माच्या जागी खरं लिहिलं. खोली जाईल."

"आन शिकणं?"

"ते सोडत न्हाई. काम बघतो काहीतरी. गुरुजींना बी फोन केला. ह्या रविवारी शहागडला गोदावरीत बाप्तिस्मा घेतो. घाटावर. दिवसाढवळ्या."

पलीकडून पत्र्यावरचा कावळा तेवढा ऐकू आला. मला वाटलं, फोन मायनं काढून घेतला.

"पाणी लई गार असतंय आता," अण्णा म्हणाले.

"असू द्या," मी म्हणालो.