बाभळीचा गुटका

हे लिहावं की नाही, यातच माझे दोन आठवडे गेले. मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी तिथून उठून जायचो. त्यामुळे इथे काही लिहिताना थोडं अवघडल्यासारखं होतंय... पण जे घडलं तेवढंच सांगतो.

आमचं गाव ब्राह्मणपुरी, तालुका शहादा. माझे वडील, आप्पा, पंधरा-सोळा वर्षं शहादा ते तोरणमाळ जीप चालवायचे. त्यांच्यासोबत क्लीनर म्हणून दगा तात्या असायचे. वयाने आप्पांपेक्षा मोठे, बोलणं कमी. त्यांच्याकडे बाभळीच्या लाकडाचा, एका बाजूने तिरपा असा ठोकळा होता. आम्ही त्याला गुटका म्हणायचो. चढावर गाडी थांबली की तात्या आधी उडी मारायचे, मागच्या चाकाखाली गुटका सारायचे आणि मागच्या पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारायचे. मग प्रवाशांना ओरडून सांगायचे, "लागना, उतरा आते." ती थाप ऐकल्याशिवाय आप्पा ब्रेकवरून पाय काढत नसत.

दोन वर्षांपूर्वी तात्या आजारपणात गेले. नंतर आप्पांनीही गाडी बंद केली. जीप अंगणात उभीच होती.

या मे महिन्यात माझा नाशिकचा मित्र केदार येणार होता. तोरणमाळला तंबू ठोकून दोन दिवस राहायचं ठरलं. माझी बहीण पूनम, नववीत गेलेली, तिनेही हट्ट धरला. आप्पा जीप द्यायला तयार झाले, एकाच अटीवर... "तुन्ही जबाबदारीवर."

मी कागदावर यादी केली. इंजिन ऑइल, कूलंट, बेल्ट, बॅटरीचं पाणी, स्टेपनी, जॅक. व्हिडिओ बघून हँडब्रेकची केबल मी स्वतः आवळली. शनिवारी गाडी पूर्ण रिकामी केली. सीटखालून गुटका निघाला. तंबूला जागा हवी होती, म्हणून बाहेर ठेवला. माय म्हणाली, "दे तो आठे. मन्ही तिवई हालस." तिने तो मागच्या पडवीत, माठाच्या तिवईच्या आखूड पायाखाली सरकवला.

रविवारी शहाद्याला जाऊन मागचे दोन्ही टायर नवे बसवले. जुने घासून पार गोटा झाले होते, नक्षी उरलीच नव्हती. हा क्रम लक्षात ठेवा... गुटका आधी निघाला, टायर नंतर आले.

सोमवारी निघताना आप्पांनी सीटखाली हात घालून पाहिलं. "गुटका काबर काढा रे?"

"आप्पा, हँडब्रेक नवासारखा करा ना मी. आते तेनं काय काम?"

"तात्यानी हँडब्रेकवर एक बी डाव इस्वास ठेवा नही," एवढंच ते म्हणाले. मी हसलो. ते मला अजून आठवतं.

राणीपूर सोडलं आणि घाट लागला. ऊन कडक. निम्म्या चढावर तापमानाचा काटा वर गेला. मी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला. पाणी फिरत राहावं म्हणून इंजिन चालूच ठेवलं. केदार फोटो काढायला पुढच्या वळणावर गेला. पूनम मागे तंबूच्या गुंडाळीवर डोकं टेकून झोपली होती. मी पाण्याचा कॅन घेऊन खाली उतरलो, बॉनेट उघडलं.

बंपर माझ्यापासून लांब जायला लागला.

एक क्षण मला वाटलं, चक्कर येतेय. मग कळलं, गाडी मागे चाललीय. मागे वळण होतं, आणि त्या ठिकाणी कठडा तुटलेला. मी धावलो, दाराचा खांब धरला आणि पाय रोवले, पण जीप मलाच ओढत नेत होती. पूनम आत झोपलेलीच होती.

आणि ठक... लाकडावर चाक बसल्याचा आवाज. गाडी किंचित उचलली गेली आणि जागेवर थांबली.

लगेच मागच्या पत्र्यावर दोन थापा.

मी आत चढलो आणि ब्रेकवर पूर्ण वजन टाकलं. तोवर केदार धावत आला. मी म्हणालो, दगड लाव, चाकामागे दगड लाव. तो खाली वाकला आणि तसाच राहिला.

"आधी काय लावलं होतंस?"

"काही नाही."

"मग थांबली कशी? चाकामागे काहीच नाहीये. मोकळा उतार आहे."

मागून पूनमचा झोपेतला आवाज आला. "भाऊ, तू मांगे कसाले ग्या व्हता? पत्रा कसाले ठोका?"

मागच्या चाकांपासून दरी हातभर अंतरावर होती. तिथे उभं राहायला जागाच नव्हती.

तंबू उघडलाच नाही. तिथूनच मागे फिरलो आणि दगड लावत, गाडी थंड करत, दुपारनंतर घरी पोचलो. मी काही सांगायच्या आत माय म्हणाली, "मन्हा माठ फुटी गया. साडेअकरानी एसटी गई आनि धाडकन आवाज ऊना. जाईसन देखस ते तिवई आडवी."

केदारने मोबाईल काढला. जीप मागे सरकायच्या अगदी आधी त्याने वळणावर काढलेल्या शेवटच्या फोटोची वेळ होती अकरा एकतीस.

मी पडवीत गेलो. फुटलेल्या खापऱ्यांशेजारी गुटका पडला होता. त्याच्या तिरप्या बाजूवर टायरची नक्षी उमटली होती... खोल, स्वच्छ, नागमोडी. खाचांत डांबराची बारीक खडी. मी तो उचलून जीपच्या मागच्या चाकाला लावला. खाच न् खाच जुळली.

हँडब्रेक का सुटला, ते मला माहीत आहे. केबलचा नट मीच नीट आवळला नव्हता. उतारावरच्या गाडीचं गणितही मांडून पाहिलं. ती थांबायलाच नको होती. पडवीतल्या लाकडावर घाटातल्या टायरचा ठसा कसा आला, हे कुणाला माहीत असेल तर खरंच सांगा.

आप्पांना सगळं सांगितलं, नटचंही. त्यांनी गुटका हातात घेतला. बराच वेळ त्या ठशावरून अंगठा फिरवत राहिले. मग गुटका सीटखाली जुन्या जागी ठेवला, मागे गेले आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली.

पूनम ओट्यावर बसली होती. तिने चटकन मान वर केली.

"हाच आवाज व्हता," ती म्हणाली.