युसुफभाईंची गाठ

"ही पावणी बोलत नाय काय, साहेब?"

"बोलते की. पण इंग्रजीत, आणि तेही पुस्तकाशी."

मी मागच्या सीटवर थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. पुढे गाडी चालवणारे माझे भाऊजी, त्यांच्या शेजारी युसुफभाई. गप्प बसणाऱ्या माणसाला ऐकूही येत नसावं असा लोकांचा समज असतो. तो मी कधी मोडला नाही. फार सोयीचा आहे.

एकोणीसशे साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. बी.ए.ची परीक्षा देऊन मी मुंबईहून बोटीने ताईकडे तीन महिन्यांसाठी कुवेतला आले होते. तिचं बिऱ्हाड सालमियात होतं. समोर समुद्र, मागे वाळू आणि नवी बांधकामं. प्यायचं गोडं पाणी लॉरीवरच्या टाकीतून येई आणि ताई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कुंडीतल्या तुळशीला घाली.

अशा ठिकाणी भाऊजींना एका अमेरिकन साहेबाने मायदेशी परतताना भेट काय द्यावी? मासेमारीचा चकचकीत रॉड आणि सोबत तळ्यातला बास मासा कसा पकडावा याचं जाडजूड पुस्तक. "तू कॉन्व्हेंटमधली," भाऊजी मला म्हणाले. "वाच आणि आम्हाला शिकव." मी आठवडाभर वाचलं. बास कमळाच्या पानांखाली दडतो. बुडालेल्या ओंडक्याशी घुटमळतो. त्याला उचलताना अंगठा त्याच्या तोंडात घालून खालचा ओठ धरावा. बारा इंचांहून लहान मासा पाण्यात परत सोडावा. त्याने गळ गिळला असेल तर ओढाताण न करता दोरी कापावी; गळ पुढे आपोआप गंजून जातो. सोबत छोटी कात्री ठेवावी. मी ताईच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली. कुवेतमध्ये कमळ नाही आणि ओंडकाही नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. पण सांगणार कोण?

शुक्रवारी सकाळी आम्ही किनाऱ्यावरच्या खडकांवर पोचलो. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मी रॉड खांद्यामागे नेला, मनगटाला झटका दिला आणि दोरीच्या टोकाचा, माशाला भुलवायचा रंगीत लाकडी बेडूक भाऊजींच्या टोपीसकट समुद्रात गेला. टोपी परत आली नाही. भाऊजी मोठ्या मनाने म्हणाले, "जुनीच होती." ती नवी होती.

युसुफभाई हसले नाहीत. ते रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठचे, इथे बंदरात टगवर (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर) नोकरीला. दर शुक्रवारी किनाऱ्यावर येणारी आपली माणसं गळ बांधून घ्यायला त्यांच्याकडेच येत. त्यांनी माझ्या हातात खैत दिली (काठीविना, नुसत्या हाताने धरायची दोरी). टोक ओठात भिजवलं, गळाला पाच वेढे दिले, ओढून दाखवलं.

"ही गाठ माझ्या बापाची, बाय. दोरी तुटंल, पण गाठ नाय सुटायची."

गळाला रुबियान (कोळंबी) लावून ते जुम्म्याच्या नमाजाला गेले. भाऊजी आणि ताई गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवायला गेले, कारण खडकांवरच्या वाऱ्यात काडी टिकत नव्हती. मी दोरी धरून एकटी उभी राहिले. एकटं असणं मला जमतं.

तेवढ्यात दोरीला हिसका बसला. मी कशीबशी ओढली आणि वर आला तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा हामूर (आपल्याकडचा गोबरा). एक वीत आणि दोन बोटं. म्हणजे बारा इंचांहून कमी. मी त्याच्या तोंडात अंगठा घातला. बासला म्हणे नाव घेण्यासारखे दात नसतात. हामूरला असतात, आणि त्याने ते वापरले. गळ त्याच्या घशात खोल गेला होता. माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं, तो तोंड उघडत-मिटत होता. मी कात्री काढली, दोरी कापली आणि त्याला हळूच पाण्यात सोडलं, अगदी पुस्तकातल्यासारखं. क्षणभर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

"हामूर! अगं, हामूर होता!" भाऊजी धावत आले. लांबून त्यांना पाण्यात पडणारा मासा तेवढा दिसला होता. कात्री मी पुस्तकाखाली सारली होती. का, ते आजही सांगता येत नाही. त्यांनी दोरीचं रिकामं टोक उचललं. "गळच गेला. गाठ सुटली! वा रे युसुफभाईंची गाठ!"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या हामूरसारखंच. ताई माझ्या अंगठ्याला रुमाल बांधत म्हणाली, "दोरीने कापलं वाटतं."

युसुफभाई परतले तेव्हा भाऊजींनी त्यांना सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी टोक दोन बोटांत फिरवून पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पावणीला लय लागलं काय?" एवढंच विचारलं आणि ते टोक तोडून खिशात ठेवलं.

पुढच्या शुक्रवारपर्यंत तो मासा हातभर झाला होता. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दोघांनी मिळून उचलण्याजोगा. भाऊजींना लबाडी करायची नव्हती. गोष्ट चांगली होती, एवढंच. पण आता युसुफभाईंनी गळ बांधून दिला की माणसं आधी तो ओढून बघत. एकाने तर त्यांच्यासमोरच सोडून पुन्हा बांधला. "बघा, बघा," युसुफभाई म्हणत. "ओढून बघितलेलं बरं." मी पुस्तक उघडून बसे. दर शुक्रवारी घरून वाक्य तयार करून नेत असे, पहिल्यांदा इंग्रजीत, मग मराठीत, आणि तसंच परत आणत असे.

निघायच्या दिवशी शुवैख बंदरात ताई-भाऊजींसोबत युसुफभाईही आले. शुक्रवारच्या मंडळींपैकी दोघे-तिघे होते. परत जाताना माझ्याजवळ काय काय होतं? ताईने दिलेलं खजुराचं खोकं, अंगठ्यावर एक पांढरी रेघ, आणि तीन महिन्यांत कुणालाही न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी. एक सोडली, तर बाकीच्यांचं मला फारसं वाटलं नसतं. मुंबईतही माझं कपाट तसल्याच गोष्टींनी भरलेलं आहे.

युसुफभाईंनी खिशातून हातभर दोरी काढली. टोकाला नवा गळ, त्याच्यावर बुचाचा तुकडा टोचलेला.

"आठवण म्हणून, बाय. ओढून बघ."

मागून भाऊजी म्हणाले, "जपून, सुटायची." सगळे हसले. युसुफभाईही हसले.

मी ओढलं. दोन्ही हातांनी, जोर लावून. गाठ जागची हलली नाही. बोटीचा भोंगा वाजला आणि मला वाटलं, आता कुणाला ऐकू जाणार नाही, आता बोलून टाकावं. मग मी भोंगा थांबेपर्यंत थांबले.

"युसुफभाई, गाठ सुटली नव्हती," मी म्हणाले, भाऊजींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "दोरी मी कापली. कात्रीने. मासा वीतभरच होता."