मी इंग्रजीत काय सांगितलं

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

जॉर्डनमधल्या एका कपड्यांच्या कारखान्यात आम्ही दोघी शिलाईला होतो. मी मुखेडची, सुनंदा देवणीची. मी तिच्या तीन वर्षं आधी गेलेली; काम तिला मीच शिकवलं. आणि सहा महिन्यांत ती माझ्या पुढे! हात चपळ, तोंड गोड. खोलीतल्या नेपाळी पोरीसुद्धा तिच्याच भोवती. आई फोनवर आधी विचारायची, "सुनंदा कशी हाय गं?" माझी आई! — मला किती झोंबायचं, काय सांगू?

मग तिच्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली. बोट सुजलं, पू झाला. तरी सुपरवायझर तिला मशीनवर बसवायचा. दवाखाना नाही. पासपोर्ट तर सगळ्यांचेच ऑफिसात अडकवून ठेवलेले.

त्याच आठवड्यात, ज्या मोठ्या कंपनीसाठी आम्ही शर्ट शिवायचो तिची एक बाई तपासणीला आली. आम्हा दोघींना एका खोलीत बसवून मॅनेजरला तिनं बाहेर काढलं. थोडंफार इंग्रजी मलाच येत होतं, म्हणून मधे बोलणारी मी. सुनंदा म्हणाली, "हिला सांग उषा, दवाखान्यात नेत न्हाईत. पासपोर्ट मागितला तर शिव्या देतेत." बाईनं तिचा हात हातात घेतला, नाव विचारलं, वहीत लिहिलं. माझं नाव — इतक्या वर्षांत कुणी लिहून घेतलं होतं?

आणि मी इंग्रजीत सांगितलं — चूक तिचीच होती, औषध चालू आहे, तक्रार काही नाही.

भीती? नाही. त्या खोलीत भिण्यासारखं कुणीच नव्हतं. फक्त बाईच्या हातातला तिचा हात मला बघवत नव्हता.

बाहेर आल्यावर सुनंदानं विचारलं, "समदं सांगितलंस न्हवं?" मी मान डोलावली.

पंधरा दिवसांनी तिचं बोट कापावं लागलं. तिला घरी पाठवून दिलं. मी पुढं दोन वर्षं तिथंच राहिले.

आता दोघी इकडंच आहोत. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले, तर तशाच कारखान्यात निघालेल्या दोन पोरी सल्ला विचारायला आलेल्या. सुनंदा त्यांना म्हणाली, "कंपनीच्या मानसाला काही सांगू नका गं. मी समदं सांगितलं होतं, त्या बाईनं काईच केलं न्हाई. इचारा हिला."

पोरी माझ्याकडे बघायला लागल्या.

"हाव," मी म्हणाले.